‘रिपीट’ म्हणायचं नाही!

गोल्फ क्लब मैदानावर गोल्फ खेळत नाहीत, हे नाशिकला नव्याने आलेल्या माणसाला दोन दिवसांत कळतं. पाटीवर नाव ‘हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान’, रणजीचे सामने इथेच झालेले, पण रिक्षावाल्याला सांगायचं ते गोल्फ क्लबच. सकाळी या मैदानाच्या ट्रॅकवर फेऱ्या मारून एका ठरलेल्या बाकावर टेकणारे तिघेजण माझ्या ओळखीचे झाले आहेत. एक कर्नल, आर्मी एव्हिएशनमधून निवृत्त. दुसरे मिग उडवलेले विंग कमांडर. त्यांना सगळे ‘विंको’ म्हणतात, कारण हवाई दलात विंग कमांडर असं पुरतं म्हणायला कुणाला सवड नसते. तिसरे काका ओझरच्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी जन्मात विमान उडवलेलं नाही, तरी विमानाविषयी वाद झाला की निकाल तेच देतात.

मला वाटलं होतं, इथे लढायांच्या गोष्टी ऐकायला मिळतील. तीन वर्षं झाली. ऐकलं काय, तर गुडघे, पेन्शन, निफाडचा पारा, नातवाची ॲडमिशन आणि नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. पण या किरकोळ बोलण्यातच अशा काही चिजा हाताला लागतात की घरी येईपर्यंत मी त्या विसरू नयेत म्हणून घोकत येते.

पहिली चीज चहावरूनच मिळाली. मी कर्नलकाकांना विचारलं, “चहा घेणार?” ते म्हणाले, “से अगेन?” मी म्हटलं, “रिपीट करते.” तिघेही हसले. विंको म्हणाले, “देवळालीत हा शब्द काढू नका. डोक्यावर गोळा पडेल.”

प्रकार असा. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, स्कूल ऑफ आर्टिलरी. तोफखान्याच्या भाषेत वायरलेसवर ‘रिपीट’ म्हटलं की अर्थ होतो, ‘मघाशी मारलात त्याच जागी पुन्हा मारा’. आवाज नीट आला नाही म्हणून कुणी भाबडेपणाने ‘रिपीट’ म्हटलं, तर पलीकडचा गडी बत्ती द्यायला मोकळा. म्हणून न ऐकू आलेल्या वाक्यासाठी ‘से अगेन’. कर्नलकाका मूळचे तोफखान्याचे, नंतर ‘एअर ओपी’त गेले. एअर ओपी म्हणजे छोट्या विमानातून वर जायचं, आपल्या तोफांचे गोळे कुठे पडतायत ते बघायचं आणि खाली सांगायचं: दोनशे मीटर डावीकडे, शंभर पुढे. या कामासाठी सैन्याकडे एक देशी विमानही होतं. नाव होतं ‘कृषक’! तोफांना निशाण दाखवणाऱ्या विमानाला शेतकऱ्याचं नाव ठेवणाऱ्याला कांदे-द्राक्षांच्या या जिल्ह्यातून आमचा नमस्कार.

देवळालीने इंग्रजीला आणखी एक शब्द दिला आहे, तो ऐकून ओशाळायचं की मिरवायचं ते आपापलं ठरवावं. ब्रिटिश काळात मायदेशी परतणारे गोरे सोजीर बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडून असत. बोटी हिवाळ्यातच, त्यामुळे ज्याची मुदत चुकीच्या महिन्यात संपली तो महिनोन्महिने ऊन आणि कंटाळा खात बसे. त्यात कितीकांचं डोकं फिरे. या अवस्थेचं नाव पडलं ‘डूलाली टॅप’. डूलाली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे ताप. आजही इंग्लंडात एखाद्याला वेडा म्हणायचं तर ‘ही’ज गॉन डूलाली’ म्हणतात. कर्नलकाकांचा एक जुना ब्रिटिश मित्र आहे, त्यालाही निवृत्त होऊन जमाना झाला. यांनी घर कुठे घेतलं हे ऐकल्यावर तो म्हणे मिनिटभर हसतच होता.

जगाची सकाळ

विंकोंचे कोर्समेट जगभर पांगलेत. एक टोरांटोला लेकीकडे, एक मेलबर्नला मुलाकडे. महिन्यातून एकदा सगळे फोनवर एकत्र येतात, तेव्हा वेळ ठरते ‘झीरो वन झीरो झीरो झुलू’. झुलू म्हणजे ग्रीनिचची वेळ. वैमानिकाला भारतातले साडेसहा, टोरांटोतले रात्रीचे नऊ, मेलबर्नचे सकाळचे अकरा असली भानगड नको असते. एक झुलू सांगितलं की ज्याने त्याने आपापलं बघावं. गंमत म्हणजे घरच्या मंडळींना अजून ते जमत नाही, आणि दर वेळी कुणाची तरी सून ‘तुमचा तो आफ्रिकेतला मित्र झुलू’ म्हणून निरोप ठेवते.

त्यात कर्नलकाकांनी एकदा भर घातली. भारताची घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावर चालतात. नाशिक आहे चौऱ्याहत्तरच्या जरा अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने आपण घड्याळाच्या पस्तीस मिनिटं मागे. “म्हणजे साडेसहाला उठणारा नाशिककर,” ते म्हणाले, “खरं तर सहाला पाच कमी असतानाच उठतो. उगाच आळशी म्हणतात.”

विंकोंच्या त्या महिन्याच्या फोनवर काय बोलतात? हवा! जगातला कुठलाही माणूस संभाषणाची सुरुवात हवेपासून करतो, पण ही जात हवेवर थांबते, रेंगाळते, तिथेच मुक्काम करते. टोरांटोवाला सांगतो उणे पंधरा. विंको सांगतात निफाडला सहा. सहा ऐकून तुम्हाआम्हाला शाल आठवते आणि निफाडच्या बागायतदाराला द्राक्षबागेत करायचा धूर. विंको विचारतात, “ड्यू पॉइंट किती?” तापमान आणि दवबिंदू एकमेकांच्या जवळ आले की धुकं धरतं आणि धुकं धरलं की धावपट्टी दिसत नाही. विमान सोडून इतकी वर्षं झाली तरी धावपट्टी दिसेल का ही काळजी सुटलेली नाही. ओझर निफाड तालुक्यातच, त्यामुळे तिसरे काका लगेच साक्ष देतात, “साहेब, जानेवारीत तर हँगरचं दार दिसायचं नाही.”

नाशिकहून कुणी परदेशी निघालं की बॅगेत कोंडाजी चिवड्याची पाकिटं जातात, हे सांगायलाच नको. मेलबर्नवाल्याची विमानतळावर बॅग उघडली गेली तेव्हा त्याने अधिकाऱ्याला चिवड्याचं वर्णन कसं केलं, ही गोष्ट मी चार वेळा ऐकली आहे आणि दर वेळी पाकिटांची संख्या वाढलेली असते.

अशा वाढत्या आकड्यांवर इंग्रजांनी इलाज शोधला होता. रॉयल एअर फोर्समध्ये फुशारकी मारण्याला ‘लाइन शूट करणं’ म्हणत. स्क्वॉड्रनच्या मेसमध्ये एक वही असे, ‘लाइन बुक’. कुणी फेकायला लागला की दुसरा उठून ते वाक्य शब्दशः वहीत उतरवायचा आणि साक्षीदारांच्या सह्या घ्यायचा. बाकावर अशी वही ठेवायचा प्रस्ताव मी मांडला. तो एकमताने फेटाळला गेला.

रॉजर हा कोण?

सिनेमात ‘रॉजर’ म्हणणारे खूप, पण हा रॉजर कोण? कुणीच नाही. ‘रिसीव्ह्ड’चा आर. जुन्या अक्षरमालेत आर म्हणजे रॉजर होतं. १९५६ साली नवी अक्षरमाला आली, आरचा ‘रोमिओ’ झाला, पण ‘निरोप मिळाला’ला रोमिओ म्हणायला कुणी धजेना. रॉजर राहिला. आणि ऐका: रॉजर म्हणजे ‘हो’ नव्हे. रॉजर म्हणजे फक्त ‘ऐकलं’. करणारही असाल तर ‘विल्को’ म्हणायचं. विंकोंच्या सौ. सांगतात की चाळीस वर्षांत घरात रॉजर पुष्कळ ऐकलं, विल्को फारसं नाही.

‘मेडे’चाही मे महिन्याशी संबंध नाही. १९२०च्या दशकात लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर मॉकफर्ड नावाचे रेडिओ अधिकारी होते. पॅरिसहून येणारी-जाणारी विमानं बरीच, म्हणून त्यांनी दोन्हीकडे कळेल असा, ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांसारखा वाजणारा शब्द काढला. संकट त्याहून हलकं असेल तर ‘पॅन-पॅन’, तेही फ्रेंचच. पॅन म्हणजे बिघाड. नाशिक रोडला पहिल्यांदा उड्डाण शिकायला आलेल्या कुणा उत्तर भारतीय पोराने ते ‘पान-पान’ ऐकून टपरीकडे बघितलं होतं, अशी कर्नलकाकांची एक गोष्ट आहे. लाइन बुक असतं तर ही त्यात गेली असती.

तब्येतीच्या गप्पाही याच भाषेत. हवाई दलात उडायला पूर्ण तंदुरुस्त माणूस ‘ए-वन जी-वन’, तर लष्करात ‘शेप-वन’. त्यातल्या शेपमधल्या एचला म्हणजे कानाला कर्नलकाकांचा राम राम. हेलिकॉप्टरच्या आवाजाने आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. बायकांचे आणि पोरांचे. म्हणून नातीचं बोलणं ऐकू येत नाही आणि माझं चहाचं आमंत्रण दोनदा द्यावं लागतं. मिसेसचा यावर विश्वास नाही, हा भाग वेगळा. ‘प्रेशर किती?’ हा बाकावरचा नेहमीचा प्रश्न. उत्तर कधी ‘एक हजार तेरा’ येतं, कधी ‘एकशे चाळीस-नव्वद’. पहिलं हवेचं, हेक्टोपास्कलमध्ये. दुसरं पारा चढलेल्या माणसाचं.

त्याला नाव काय ठेवलं?

आता ओझर. नाशिककर ओझरच्या कारखान्याला एचएएल म्हणतात, पण जुने लोक नुसतं ‘मिग’. ‘पोरगा मिगला लागला’ म्हणजे त्याचं लग्न जमलं, असा एक काळ होता. १९६२च्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. १९६३मध्ये लोकसभेवर निवडून आले ते नाशिकमधून आणि तेही बिनविरोध. १९६४मध्ये ओझरला मिगचा कारखाना उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक सामान हैदराबादला. एक विमान आणि तीन माहेरं.

हवाई दलात मिग-२१ला मिग-२१ म्हणणारा नवखा. जुने लोक ‘टाईप सेव्हन्टी-सेव्हन’ म्हणतात, म्हणजे एफएल. टाईप नाइन्टी-सिक्स म्हणजे एम, टाईप सेव्हन्टी-फाइव्ह म्हणजे बिस. विंको सत्याहत्तरवाले. काकांनी तिन्हींवर हात चालवलेला. सहाशेहून जास्त मिग-२१ भारतात बांधली गेली आणि पुढे बिसचं बायसन करायचं कामही ओझरलाच झालं.

जगाने या एका विमानाला काय काय नावं ठेवली! रशियनांना त्याच्या त्रिकोणी पंखात बाललाइका दिसली, म्हणजे त्यांचं तीन तारांचं वाद्य. पोलंडमध्ये त्याला ‘पेन्सिल’ म्हणत. व्हिएतनामींनी त्याला रुपेरी पाकोळी केलं. नाटोने ठेवलं ‘फिशबेड’, त्याबद्दल बाकावर कुणी बोलत नाही. मी काकांना विचारलं, कारखान्यात तुम्ही काय म्हणायचात? ते जरा विचारात पडले. “मशीन,” म्हणाले. “मशीन आलं, मशीन गेलं.”

धाकट्या भावंडाची, मिग-२५ची, कथा विंकोंना प्रिय आहे. त्या विमानात थंडाव्यासाठी आणि बर्फ धरू नये म्हणून शेकडो लिटर अल्कोहोल भरलेलं असे. सोव्हिएत ग्राउंड क्रूने त्याला ‘उडतं किराणा दुकान’ म्हणावं यात नवल नाही, कारण त्यातलं किती आकाशात जायचं आणि किती वाटेत संपायचं याचा हिशेब लागत नसे. हे ऐकून काकांनी एकदा शांतपणे सांगितलं, “नाशिकला वाईन फार उशिरा आली, साहेब.” मिग-२५ ओझरला बनत नसे, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

२६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं. हवाई दलप्रमुखांनी स्वतः ते उडवलं, त्यांचं कॉलसाइन होतं ‘बादल थ्री’. त्या सकाळी बाकावर तिघे एकाच मोबाइलवर डोकी जोडून बसले होते. विमानांवर पाण्याचे फवारे उडाले. विंको काही बोलले नाहीत. काका स्क्रीनवर बोट ठेवून एवढंच म्हणाले, “ते पॅनेल उघडायला लई त्रास द्यायचं.” बोट कुठल्या पॅनेलवर होतं ते मला कळलं नाही, त्या दोघांना कळलं.

याच ओझरला ऐंशीच्या दशकाअखेरीपासून काही वर्षं एचएएलचे चाचणी वैमानिक होते राकेश शर्मा, १९८४मध्ये अंतराळात जाऊन आलेले तेच. अवकाशातून परतल्यावर माणसाने नोकरीला कुठे जावं, तर निफाड तालुक्यात!

टाय नसलेले

विंकोंना एक जुनी खंत आहे. जगातल्या वैमानिकांचा एक ‘टाय क्लब’ आहे. मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीच्या इजेक्शन सीटने ज्याचा जीव वाचला त्याला कंपनी टाय देते, १९५७पासूनची प्रथा. पण मिगची सीट रशियन! त्यामुळे मिगमधून उडी मारून वाचलेल्याला टाय नाही. शिकाऊ ‘किरण’मधून किंवा जग्वारमधून सुटलेल्याला मात्र मिळतो, कारण त्यांत मार्टिन-बेकर. नव्या तेजसमध्येही तीच. १७ ऑक्टोबर २०२५ला ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात गेलं, तेव्हा विंकोंची पहिली प्रतिक्रिया, “घ्या! आता ओझरच्या विमानात टायची सोय झाली.” त्याहून जुना क्लब आहे ‘कॅटरपिलर’, १९२२चा. पॅराशूटने वाचलेल्याला सोन्याचा छोटा सुरवंट. पॅराशूट तेव्हा रेशमाची असत म्हणून.

काही शब्द मात्र हे लोक जगात कुठेही तोंडातून काढत नाहीत. रशियन वैमानिक ‘शेवटचं उड्डाण’ म्हणत नाही. ‘पस्लेदनी’ म्हणजे शेवटचं. त्याऐवजी ‘क्राइनी’ म्हणतो, म्हणजे कडेचं. जर्मन निरोप देताना चक्क म्हणतो, ‘मान मोडो, पाय मोडो’, आणि ग्लायडरवाले जर्मन त्यावर कडी करून विमानाचीच हाडं मोडायची इच्छा व्यक्त करतात. दृष्ट लागू नये म्हणून गालावर काळा ठिपका लावणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायला लागू नये. मी एकदा विंकोंना विचारलं, “तुमचं शेवटचं उड्डाण कधी?” त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काकांना विचारलं, “द्राक्षाचा भाव काय चाललाय?”

त्यांनी सांगितलेली युद्धातली गोष्ट एकच, आणि तीही रेल्वेची. दिलीप पारुळकर, मराठी वैमानिक, १९७१च्या युद्धात सुखोई-७ पडून पाकिस्तानच्या कैदेत गेले. ऑगस्ट १९७२मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत पोखरून ते ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन सोबत्यांसह बाहेर पडले. अफगाण सीमा काही मैलांवर राहिली. लंडी कोतलला त्यांनी पुढच्या ‘लंडी खाना’ स्टेशनाची वाट विचारली. नकाशात ते स्टेशन होतं. प्रत्यक्षात तिथली गाडी चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेली. नसलेलं स्टेशन विचारणारे तिघे कोण, म्हणून पकडले गेले. पारुळकर गेले २०२५च्या ऑगस्टमध्ये. त्या आठवड्यात बाकावर या गोष्टीवर बोलणं झालं ते असं: कर्नल म्हणाले, “नकाशाची तारीख बघायला हवी होती.” विंको म्हणाले, “रॉजर.”

कर्नलकाकांचं प्रेम चीता हेलिकॉप्टरवर. भारताला हिमालयात चालेल असं यंत्र हवं होतं म्हणून फ्रेंचांनी ‘लामा’ बनवलं. तेच आपलं चीता. २१ जून १९७२ला झां बूले नावाच्या फ्रेंच वैमानिकाने लामा १२,४४२ मीटरवर नेलं. तिथे इंजिन बंद पडलं ते पुन्हा सुरू झालं नाही. बूलेसाहेब बंद इंजिनानिशी, नुसत्या वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्यांच्या भरवशावर खाली उतरले, आणि त्या उतरण्याचाही विक्रम लागला. नाशिकच्याच गांधीनगरमधल्या लष्करी उड्डाणशाळेत पोरं याच जातीच्या यंत्रांवर शिकली आणि सियाचीनला गेली. २५ मे २०२२ला याच शाळेत कॅप्टन अभिलाषा बराक यांना विंग्ज मिळाल्या, आर्मी एव्हिएशनमधल्या पहिल्या महिला वैमानिक. तो विषय निघाला की कर्नलकाका छाती काढून बसतात, जणू पोर त्यांचीच.

सवयी जात नाहीत. विंको घराला कुलूप लावताना मोठ्याने बोलतात: “गॅस, ऑफ. गीझर, ऑफ. गॅलरी, लॉक्ड.” आणि सौ.नी प्रत्येकाला ‘चेक’ म्हणायचं. याचं मूळ १९३५मध्ये आहे. अमेरिकेत बोइंगचं नवं बॉम्बर चाचणीच्या वेळी पडलं. बिघाड काही नव्हता, शेपटीची कुलूपं काढायची राहिली होती. तेव्हापासून चेकलिस्ट. सौ. म्हणतात, बोइंगची चूक मी भरतेय.

हात तर आवरतच नाहीत. एक तळवा पुढे पळणारं विमान, दुसरा त्याच्या मागावर, मनगटातून वळण. जगातला कुठलाही लढाऊ वैमानिक हात बांधून बोलू शकत नाही म्हणतात. परवा असंच झालं. विंकोंचा उजवा हात डाव्याच्या मागे लागला, डाव्याने खाली सूर मारला आणि माझा चहा काकांच्या धोतरावर. मी दुसरा आणायला उठले. “कर्नलकाका, तुम्हालाही आणू?” उत्तर नाही. “काका, चहा?” तरी नाही. ते ट्रॅकच्या पलीकडे, झाडांच्या वर कुठेतरी बघत होते. मला काही ऐकू आलं नव्हतं. विंकोंनाही नाही.

“सुखोई,” कर्नलकाका म्हणाले. “दोन.”

थोड्या वेळाने आवाज माझ्यापर्यंत पोहोचला. काकांनी धोतर झटकायचं थांबवून मान वर केली. दोन्ही विमानं ओझरच्या दिशेने सरकत गेली, आवाज विरला.

“हं,” कर्नलकाका माझ्याकडे वळले, “काय म्हणत होतीस?”